तुम्ही विचारलंत म्हणून: कोल्हापुरात कुठं खायचं?

पुण्यात येऊन वीस वर्षं झाली, तरी बोलण्यातला हेल गेलेला नाही. दोन वाक्यांत माणसं ओळखतात आणि तिसऱ्या वाक्याला विचारतात, ‘‘तुम्ही कोल्हापूरच्या ना? आम्ही शनिवार-रविवार अंबाबाईला चाललोय. खायला चांगलं कुठं मिळेल?’’ ऑफिसात विचारतात, सोसायटीच्या जिन्यात विचारतात. मी घाईत दोन-चार नावं सांगते आणि नंतर दिवसभर रुखरुख लागते. नुसती नावं सांगून भागत नाही, वेळ सांगायला हवी. आमच्या गावात खाण्याला घड्याळ आहे. ते चुकलं, की नाव बरोबर असूनही माणूस निराश होऊन येतो आणि म्हणतो, एवढं काय त्यात.

मिसळ सकाळची. उद्यमनगरात फडतऱ्यांकडं जायचं असेल तर आंघोळ करून सरळ तिथंच जा, देवदर्शन नंतर. दुपारी एक वाजता रांगेत उभं राहून ‘संपली’ ऐकून परत आलेली किती पावणी मी पाहिली आहेत. फडतरे, चोरगे, खासबाग, बावडा, यातली कुठली भारी यावर आमच्याकडं घराघरात तट आहेत. अण्णा, म्हणजे माझे वडील, बावड्याचे. मी चोरग्यांची. हे भांडण मिटावं असं आम्हां दोघांनाही कधी वाटलेलं नाही.

खायची कशी, तेही सांगते. ताटलीत खाली मटकीची उसळ, वर चिवडा आणि शेव, कांदा, कोथिंबीर. त्यावर कट, म्हणजे तिखट लाल रस्सा. पुण्यात ज्याला सँपल म्हणतात तो आमचा कट. बरोबर येतो तो स्लाइस ब्रेड, मुंबईसारखा लादी पाव नव्हे. स्लाइस कटात बुडवली की क्षणात लाल होते आणि लगेच खावी लागते, नाहीतर बोटातच मोडते. लिंबू आधी पिळायचं नाही. चार घास कट तसाच खायचा, मग पिळायचं. मग तोच कट वेगळा लागतो.

आणि कृपा करून तो लाल रंग बघून घाबरू नका. बाहेरगावच्या हॉटेलांत ‘व्हेज कोल्हापुरी’ नावाखाली जे देतात त्यानं आमच्या गावाचं फार नुकसान केलंय. मिरची ओतली की कोल्हापुरी झालं, असं त्यांना वाटतं. आमच्या जेवणाचा जीव चटणीत असतो. चटणी म्हणजे कांदा-लसूण मसाला. उन्हाळ्यात वर्षाची करून ठेवायची. रंगाला ब्याडगी, तिखटाला संकेश्वरी किंवा लवंगी, सोबत सुकं खोबरं, तीळ, धणे, खडा मसाला, सगळं वेगवेगळं भाजून डंकावर न्यायचं आणि समोर उभं राहून कुटून घ्यायचं. डंकावरनं आलेल्या डब्याचं झाकण उघडलं की वास घरभर फिरतो. त्या चटणीत तिखट एकटं नसतं. म्हणून कट जिभेला झोंबतो आणि तरी आणखी घ्यावासा वाटतो.

मटण दुपारचं. रात्रीही मिळतं आणि लोक खातातही, पण मी सांगेन दुपारीच जा, आणि शक्यतो रविवारी, बुधवारी नाहीतर शुक्रवारी, म्हणजे गावातल्या घराघरांत चूल मटणाची असते तेव्हा. या गावाचा मटणावर किती जीव आहे ते सांगते. २०१९ साली दर वाढले तेव्हा कोल्हापूरकर त्यासाठी आंदोलनाला उतरले होते. पद्मा, ओपल ही नावं तुम्हांला कुणीही सांगेल आणि त्यात चूक काही नाही. मी मात्र पेठेतल्या एका लहान खानावळीत जाते. सहा टेबलं, आत एक मावशी भाकरी थापत असतात आणि त्यांचा मुलगा वाढत असतो. नाव लिहीत नाही, कारण रविवारी तिथं आधीच जागा मिळत नाही आणि मावशींचे हात दोनच आहेत.

तिथला पांढरा रस्सा मला जवळून दाखवायचाय. वाटी येते तेव्हा तो दुधासारखा दिसतो, अगदी फिकट, वर तुपाचे बारीक डोळे. हळद नाही, लाल चटणी नाही. मटण शिजवलेलं अळणी पाणी, नारळाचं दूध, वाटलेली खसखस आणि काजू, फोडणीला लवंग, दालचिनी, वेलदोडा, मिरी. पहिला घोट नुसता प्यायचा. आधी नारळ कळतो, मग मटणाची गोडी, आणि गिळून झाल्यावर मिरी घशात जागी होते. शेजारी तांबडा असतो. दोन्ही एकाच पातेल्यातल्या अळणीतनं निघालेले, पण बहिणी-बहिणींचे स्वभाव वेगळे असावेत तसे. सुकं भाकरीशी, तांबडा भाताशी, पांढरा मध्ये मध्ये असाच प्यायला. वाटी रिकामी दिसली की मुलगा विचारतच नाही, ओततो. ‘‘घ्या की ताई, लई दिसांनी आलासा.’’ रश्श्याचे पैसे मोजत नाहीत. जिथं मोजायला लागतील तिथं मी जाणार नाही.

जाणं सोडलं असं एक ठिकाण आहेही. माझ्या शाळेच्या वाटेवरचं. नवी फरशी आली, गार खोली आली, मेनूकार्डावर पनीरचे बारा प्रकार आले आणि रस्सा सगळ्या टेबलांना एकाच चवीचा, घट्ट आणि तेलकट यायला लागला. दोनदा जाऊन पाहिलं. तिसऱ्यांदा दारापर्यंत गेले आणि वळले. मला राग आला नाही, वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. दहावीचा निकाल लागला त्या दिवशी अण्णांनी आम्हां भावंडांना तिथंच नेलं होतं.

संध्याकाळ भेळेची. खासबाग मैदानापाशी राजाभाऊंची भेळ खायची आणि हातात द्रोण घेऊन तिथंच उभं राहायचं. एका बाजूला शाहू महाराजांनी बांधलेलं कुस्तीचं मैदान, लागूनच त्यांनीच उभारलेलं केशवराव भोसले नाट्यगृह. आधीचं नाव पॅलेस थिएटर, १९१५ सालचं. लहानपणी नाटकाच्या मध्यंतरात लोक भेळेसाठी बाहेर धावायचे आणि तिसऱ्या घंटेला तोंड पुसत आत पळायचे. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते नाट्यगृह जळालं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. त्यानंतर गेले तेव्हा भेळ घेतली, चिंचेचं पाणी नेहमीसारखं आंबटगोड, कैरीचे तुकडे नेहमीसारखे, पण समोर काळवंडलेल्या भिंती होत्या आणि माझ्या शेजारी उभे असलेले एक आजोबा द्रोण तसाच धरून तिकडं बघत राहिले होते. आम्ही एकमेकांशी बोललो नाही. तुम्ही गेलात तर भेळ खा आणि त्या वास्तूकडंही जरा बघा.

रंकाळ्यावर चक्कर झाली की सोळंकींचं कॉकटेल खाता येईल. आइस्क्रीम, फळं, जेली, सुकामेवा, सगळं एका ग्लासात. मुलं बरोबर असतील तर ते चुकवू नका. दावणगिरी लोणी डोसाही गावात जागोजागी मिळतो, कर्नाटक जवळच. चांगला असतो.

पण एकच गोष्ट करायला वेळ असेल, तर मी तुम्हांला गंगावेशीत दूधकट्ट्यावर पाठवीन. म्हशी तिथं आणून उभ्या करतात आणि तुमच्यासमोर धार काढतात, थेट ग्लासात. आधी काचेवर धार आपटल्याचा आवाज येतो, मग ग्लास भरत जातो तसा तो आवाज फेसात बुडतो. ग्लास हातात येतो तो कोमट, म्हशीच्या अंगाच्या उबेचा. आजूबाजूला तालमींतली पोरं एका दमात ग्लास रिकामा करत असतात. अण्णा मला सायकलीच्या नळीवर बसवून तिथं न्यायचे. फेस माझ्या नाकाला लागायचा आणि ते धोतराच्या सोग्यानं पुसायचे. धारोष्ण दूध सगळ्यांना मानवतं असं नाही, पोट नाजूक असेल तर नुसतं बघून या. ते बघणंही सोडू नका.

अण्णा आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. तिखट डॉक्टरांनी बंद केलंय, त्यामुळं बावड्याची बाजू ते आता फक्त बोलून लढवतात. पांढरा चालतो. म्हणून मी मावशींच्या खानावळीत जाताना घरातली स्टीलची किटली घेऊन जाते. मुलगा ती गळ्यापर्यंत भरून देतो, वर फडकं बांधतो. घरी येईपर्यंत रस्सा निवलेला असतो. मी पातेल्यात ओतून गॅसवर ठेवते आणि अण्णा काठी टेकत स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहतात. ‘‘बारीक ठेव. उकळी आणू नकोस, नारळ फुटंल.’’ दर वेळी सांगतात. मी दर वेळी गॅस बारीक करते, आणि रस्सा कडेनं हलायला लागेपर्यंत आम्ही दोघंही पातेल्याकडं बघत उभे राहतो.