अपडेट सोपं, रीबूट अवघड

सर्व्हर अपडेट ठेवण्याचं काम माझ्याकडे आलं तेव्हा सोबत एक एक्सेल शीट मिळाली. सर्व्हरचं नाव, आयपी, मालक, ऑपरेटिंग सिस्टिम असे रकाने. मालकांपैकी बरेच जण नोकरी सोडून गेलेले, आणि ऑपरेटिंग सिस्टिमच्या रकान्यात बऱ्याच ओळींत नुसतं 'लिनक्स'. त्यामुळे पॅचिंगच्या, म्हणजे दुरुस्तीचे अपडेट लावण्याच्या, आधी शिरगणतीच करावी लागली. व्हर्च्युअल मशीनची यादी, डीएनएस (नाव-पत्त्यांची नोंद) आणि मॉनिटरिंग या तिन्हींतली नावं ताडून पाहिली आणि मग ॲन्सिबलने (अनेक मशीनवर एकदम कमांड चालवणारं साधन) प्रत्येक मशीनलाच विचारलं: आवृत्ती कोणती, कर्नल (सिस्टिमचा गाभा) कोणता, शेवटचा रीबूट कधी? शीटमध्ये नसलेली मशीन सापडली, असलेली काही सापडलीच नाहीत.

शेवटच्या प्रश्नाची उत्तरं वाचण्यासारखी होती. काही मशीन वर्षानुवर्षं बंदच झाली नव्हती, आणि त्या टीमना याचा अभिमान होता. मला त्यात अभिमानाचं काही दिसत नाही. लाइव्ह पॅचिंग (रीबूटशिवाय कर्नल दुरुस्त करणं) नसेल तर अपटाइम जितका जुना, तितकाच चालू कर्नलही जुना. शिवाय असं मशीन बंद करून सुरू केलं तर सगळं वर येईल का, हे कुणालाच ठाऊक नसतं. 'चालतंय ना, मग हात कशाला लावतोस?' हे त्या भीतीतूनच येतं.

पॅकेज अपडेट करणं हा खरं तर एका कमांडचा मामला. तेही आपोआप व्हायला उबुंटू-डेबियनवर अनअटेंडेड-अपग्रेड्स आहे, रेड हॅटच्या घराण्यात डीएनएफ-ऑटोमॅटिक. पण नवं पॅकेज डिस्कवर आलं म्हणजे भोक बुजलं असं नाही. २०१४ मध्ये ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या लायब्ररीतला हार्टब्लीड हा दोष निघाला तेव्हाही हेच होतं: लायब्ररी बदलली तरी जुनी प्रोसेस मेमरीतली जुनीच प्रत वापरत राहते, सर्व्हिस रीस्टार्ट करेपर्यंत. कर्नलला तर रीबूटच लागतो. म्हणून रिपोर्टमध्ये 'इन्स्टॉल झालं' आणि 'लागू झालं' असे दोन रकाने केले. दुसरा रकाना भरायला उबुंटूवर रीबूट-रिक्वायर्ड नावाची फाइल पाहायची, रेड हॅटवर नीड्स-रिस्टार्टिंग चालवायचं. पहिला रकाना हिरवागार होता, दुसरा जवळजवळ सगळा लाल.

याच्या नेमकं उलट दुखणं सुरक्षेतल्या त्रुटी शोधणाऱ्या स्कॅनरचं. सिक्युरिटी टीमकडून यायची ती भलीमोठी यादी, 'अपाचेची आवृत्ती जुनी' वगैरे. रेड हॅट आणि डेबियन सुरक्षेची दुरुस्ती जुन्याच आवृत्तीत आणून बसवतात. मूळ क्रमांक तोच राहतो, पुढचा रिलीज क्रमांक तेवढा बदलतो. नुसता मूळ क्रमांक वाचणारा स्कॅनर फसतो. पॅकेजच्या चेंजलॉगमधला सीव्हीई क्रमांक (त्या त्रुटीचा जाहीर ओळख क्रमांक) दाखवला की वाद मिटायचा, पण प्रत्येक वेळी दाखवावा लागायचा.

आता रीबूट. परवानगी मागत फिरलं की नकारच मिळतो, म्हणून वरिष्ठांकडून ठराविक मासिक विंडो मंजूर करून घेतली. ज्या टीमला नको असेल तिने कारण लिहून पुढे ढकलायचं. त्याहून उपयोगी पडली ती दुसरी गोष्ट: पॅच लावण्याआधी मशीन आहे तसंच एकदा रीबूट करायचं. काही बिघडलं तर निदान पॅचवर खापर फुटत नाही. आणि बिघडायचंच. कुणीतरी हाताने सुरू केलेली सर्व्हिस, जी सिस्टमडीमध्ये (बूट होताना सर्व्हिस सुरू करणारी यंत्रणा) इनेबलच नाही. एफएसटॅबमध्ये (बूट होताना जोडायच्या डिस्कची यादी) कधीच बंद पडलेल्या स्टोरेजचं माउंट, ज्यामुळे मशीन इमर्जन्सी मोडमध्ये जाऊन बसतं. जुन्या कर्नलांनी काठोकाठ भरलेलं बूट पार्टिशन. यातलं काहीच अपडेटमुळे झालेलं नव्हतं.

पॅच किती दिवसांत सगळीकडे गेला पाहिजे यावर बरीच खडाजंगी झाली. घाई करा म्हणणारे वॉनाक्राय या रॅन्समवेअरचा दाखला देत: मायक्रोसॉफ्टचा पॅच १४ मार्च २०१७ ला आला, हल्ला १२ मे रोजी. थांबा म्हणणाऱ्यांकडे १९ जुलै २०२४ होता, जेव्हा क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटने सुमारे ८५ लाख विंडोज मशीन एकदम झोपवली. दोघांचंही खरं होतं. आम्ही टप्पे केले: आधी टेस्ट, मग कमी महत्त्वाचे मोजके, मग बाकीचे. यासाठी रिपॉझिटरीचा (पॅकेजच्या साठ्याचा) स्नॅपशॉट गोठवणं अत्यावश्यक आहे, नाहीतर टेस्टवर एक पॅकेज तपासायचं आणि प्रॉडक्शनवर तोवर आलेलं दुसरंच जायचं. लोड बॅलन्सरमागची (काम वाटून घेणारी) मशीन एकेक करून बाहेर काढायची, रीबूट, हेल्थ चेक, परत आत. ॲन्सिबलमध्ये 'सीरियल' लावलं की हे रांगेनं होतं.

सगळ्यात जास्त डोकं खाल्लं ते सेंटओएस ७ या जुन्या लिनक्सने. त्याचा सपोर्ट ३० जून २०२४ ला संपला, म्हणजे तिथे पॅच लावण्याचा प्रश्नच उरला नाही, घरच बदलायचं. बहुतेक ठिकाणी नवं मशीन उभं करून ॲप्लिकेशन हलवलं. पोस्टग्रेस या डेटाबेस प्रणालीतले काही डेटाबेस मोठे, म्हणून डेटा डिरेक्टरी आहे तशी नव्या मशीनला जोडावी असा बेत होता. आमच्या डेटाबेस सांभाळणाऱ्या (डीबीए) मॅडमनी तो तिथल्या तिथे थांबवला आणि दोन्ही मशीनवर एकच कमांड चालवून दाखवली. '१-१' आणि '११' या दोन ओळी, इंग्रजी यूटीएफ-८ लोकॅल (कोणत्या भाषेचे नियम लावायचे ही सेटिंग), आणि सॉर्ट. जुन्या मशीनने ११ आधी छापलं, नव्याने १-१.

कारण जीलिबसी, म्हणजे लिनक्सची मूलभूत सी लायब्ररी. सेंटओएस ७ मध्ये ती २.१७, आणि २.२८ मध्ये अक्षरांच्या क्रमवारीचे नियम मोठ्या प्रमाणावर बदलले. पोस्टग्रेसचे मजकुराचे इंडेक्स (शोधासाठी क्रमाने लावलेल्या सूची) जुन्या क्रमाने रचलेले; नवी सिस्टिम नव्या क्रमाने त्यात शोधणार. ओळ टेबलात असते, पण क्वेरीला सापडत नाही. युनिक इंडेक्स असूनही तीच नोंद दुसऱ्यांदा शिरू शकते. आणि या सगळ्यात एररचं नाव नाही! लोकॅल 'सी' असेल तर यातून सुटका. आम्ही लहान डेटाबेस डंप-रिस्टोअर केले आणि मोठ्यांना लॉजिकल रेप्लिकेशन (बाइट नव्हे, नोंदी पाठवणारं) लावलं, म्हणजे नवं मशीन स्वतःचे इंडेक्स स्वतः रचतं. बाइट जशाच्या तशा नेणारी फिजिकल रेप्लिका इथे उपयोगाची नाही, ती जुना क्रमही सोबत नेते.

एक जुनं मशीन अजून आहे. त्यावरचं सॉफ्टवेअर नव्या सिस्टिमवर चालेल असं विक्रेता लिहून देत नाही. ते वेगळ्या व्हीलॅनमध्ये (नेटवर्कच्या वेगळ्या कप्प्यात) टाकलंय, इंटरनेट बंद, आत शिरायला फक्त जंप होस्ट, म्हणजे मधलं एक मशीन. रजिस्टरमध्ये कारण, फेरविचाराची तारीख आणि धोका पत्करणाऱ्या विभागप्रमुखांची सही आहे. ती सही दर तिमाहीला नव्याने घ्यावी लागते.