नैरोबी ते कंपाला : एकटीने केलेला बसप्रवास

मुंबईहून नैरोबीला थेट विमानाने साधारण सहा तासांत पोहोचता येते आणि नैरोबीहून युगांडाची राजधानी कंपाला विमानाने जेमतेम तासाभराच्या अंतरावर आहे. रस्त्याने हेच अंतर साडेसहाशे किलोमीटरच्या आसपास भरते. मी रस्ता निवडला, त्यात पैशांची बचत होतीच. पण 1896 ते 1901 या काळात मोंबासापासून व्हिक्टोरिया सरोवरापर्यंत जो लोहमार्ग घातला गेला आणि ज्यासाठी सुमारे बत्तीस हजार भारतीय मजूर नेण्यात आले, त्या मार्गाच्या आसपासचा मुलूख जमिनीवरून पाहावा, ही माझी जुनी इच्छा होती. त्या मजुरांपैकी सुमारे अडीच हजार जण तेथेच मरण पावले. हा इतिहास वाचल्यावर त्या प्रदेशावरून केवळ उडत जाणे मला पटेना. एकट्या बाईने हा प्रवास करावा का, असे मला घरी आणि बाहेरही अनेकांनी विचारले. माझे उत्तर होकारार्थी आहे, मात्र कागदपत्रांची पूर्वतयारी भारतातच नीट झाली पाहिजे, असे मी आवर्जून सांगते.

पहिला निर्णय व्हिसाचा. केनियाने जानेवारी 2024 पासून जुना व्हिसा बंद करून ऑनलाइन प्रवास परवाना सुरू केला आहे आणि युगांडाचा ऑनलाइन व्हिसा वेगळा काढावा लागतो. दोन्ही स्वतंत्रपणे काढले तर पैसे थोडे कमी लागतात. परंतु माझे परतीचे विमान नैरोबीहूनच होते, म्हणजे युगांडातून मला पुन्हा केनियात शिरायचे होते. अशा प्रवासासाठी ‘ईस्ट आफ्रिका टुरिस्ट व्हिसा’ मला अधिक निर्धास्त वाटला. त्याचे शुल्क शंभर अमेरिकन डॉलर असून केनिया, युगांडा आणि रवांडा या तीन देशांत नव्वद दिवसांच्या मुदतीत कितीही वेळा ये-जा करता येते. अट अशी, की ज्या देशाकडून तो घ्यायचा, त्याच देशात पहिला प्रवेश करावा लागतो. म्हणून मी केनियाकडेच अर्ज केला. मंजुरीपत्राच्या छापील प्रती काढून त्यातली एक पासपोर्टबरोबर आणि दुसरी सामानात ठेवली, कारण सीमेवर मोबाइलला नेटवर्क मिळेलच याचा भरवसा नसतो.

दुसरी गोष्ट पीतज्वराच्या (यलो फीव्हरच्या) लसीची, आणि ती व्हिसाइतकीच महत्त्वाची आहे. युगांडात प्रवेश करताना लसीचे पिवळे कार्ड मागतात. शिवाय केनिया व युगांडा हे पीतज्वराचा धोका असलेले देश मानले जात असल्याने तेथून भारतात परतणाऱ्यालाही ते दाखवावे लागते; कार्ड नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात राहण्याची वेळ येऊ शकते. ही लस कोणत्याही दवाखान्यात मिळत नाही, केवळ सरकारमान्य केंद्रांवरच मिळते, आणि तेथे आधी वेळ घ्यावी लागते. पासपोर्टचा क्रमांक कार्डावर लिहिला जातो, म्हणून मूळ पासपोर्ट न्यावा. लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी प्रमाणपत्र लागू होते, त्यामुळे प्रवासाच्या आदल्या आठवड्यात धावपळ करून उपयोग नाही. एकदा घेतलेली लस आता जन्मभर ग्राह्य धरली जाते. साठीच्या पुढच्या व्यक्तींनी आणि ज्यांना अंड्याची ॲलर्जी आहे त्यांनी आधी डॉक्टरांशी बोलावे. त्याच भेटीत मलेरियाच्या प्रतिबंधक गोळ्यांबद्दलही विचारावे, कारण सरोवराकाठी मलेरिया पुष्कळ आहे.

पैशांबाबत थोडक्यात सांगते. डॉलरच्या नोटा नव्या, न दुमडलेल्या आणि शक्यतो शंभराच्या घ्याव्यात. जुन्या छपाईच्या नोटा नाकारल्या जातात आणि लहान नोटांना दर कमी मिळतो. नैरोबीत पोहोचताच पासपोर्ट दाखवून सिमकार्ड घ्यावे आणि त्यावर एम-पेसा सुरू करून घ्यावे. 2007 साली सुरू झालेली ही मोबाइलवरून पैसे देण्याची सोय केनियात बसच्या तिकिटापासून भाजीपर्यंत सर्वत्र चालते, आणि अंगावर फारशी रोकड बाळगावी लागत नाही, हा एकटीने फिरताना मोठाच आधार असतो. आणखी एक सूचना मराठी घरांसाठी मुद्दाम करते : चिवडा, लाडू, मेतकूट कापडी पिशवीत किंवा डब्यात बांधावे, कारण केनियात ऑगस्ट 2017 पासून प्लास्टिकच्या कॅरीबॅगांवर कडक बंदी आहे.

नैरोबीहून कंपालाच्या बहुतेक थेट बस संध्याकाळी किंवा रात्री सुटतात आणि बारा-चौदा तासांनी, कधी त्याहूनही उशिरा, पोहोचवतात. रात्रीच्या बसने एका मुक्कामाचे भाडे वाचते, म्हणून कमी खर्चात फिरणारे बहुतेकजण तीच घेतात. मी ती घेतली नाही. डिसेंबर 2017 च्या अखेरीस याच मार्गावर, नाकुरू शहराच्या पुढे झालेल्या भीषण बस अपघातानंतर केनिया सरकारने लांब पल्ल्याच्या रात्रीच्या प्रवासी वाहतुकीवर काही काळ बंदी घातली होती. त्या महामार्गावर अवजड ट्रक रात्रभर धावत असतात, आणि सीमा ओलांडताना उजेड असावा असे मला ठामपणे वाटत होते. म्हणून मी प्रवासाचे दोन भाग केले. पहिल्या दिवशी सकाळच्या बसने व्हिक्टोरिया सरोवराकाठचे किसुमू शहर गाठायचे, तेथे मुक्काम करायचा आणि दुसऱ्या दिवशी बुसियाच्या सीमेवरून कंपाला. वाचलेल्या मुक्कामाच्या पैशांपेक्षा दिवसाचा रस्ता मला कितीतरी मोलाचा वाटला.

तिकिटे मी आदल्या दिवशी दुपारी बस कंपनीच्या कार्यालयात जाऊन काढली. ही कार्यालये नैरोबीच्या जुन्या बाजारपेठेत, रिव्हर रोडच्या परिसरात दाटीने आहेत. दिवसा तेथे वावरण्यात मला अडचण आली नाही, पण पहाटेच्या अंधारात पाठीवर सामान घेऊन पायी जाणे टाळावे आणि ॲपवरून टॅक्सी बोलवावी. किसुमूपर्यंतचे भाडे दीड हजार केनियन शिलिंगांच्या आसपास होते. स्वाहिली बोलणारे लोक तास सूर्योदयापासून मोजतात, म्हणजे सकाळचे सात वाजले की त्यांच्या बोलण्यात एक वाजलेला असतो. तिकिटावर नेहमीच्या घड्याळाप्रमाणेच वेळ छापलेली असते, तरीही तोंडी वेळ ठरवताना मी प्रत्येक वेळी ‘सकाळची का’ असे विचारून आणि घड्याळ दाखवून खात्री करून घेत असे.

नैरोबी सोडल्यावर लिमुरूच्या चहाच्या मळ्यांतून वर चढलेली बस अचानक रिफ्ट खोऱ्याच्या कड्यावर येते. डाव्या हाताला खाली पसरलेले खोरे, त्यातून उठलेला लोंगोनोट ज्वालामुखी आणि पुढे नैवाशा सरोवर, हे सारे बसच्या खिडकीतून दिसते. त्यासाठी डावीकडची जागा आग्रहाने मागून घ्यावी. नाकुरूनंतर केरिचोचे चहाचे मळे सुरू होतात, आणि तेथून उतरत उतरत अहेरोच्या भातखाचरांतून बस किसुमूत येते. नैरोबीची सकाळची बोचरी थंडी आणि सरोवराकाठची दमट हवा एकाच दिवसात अनुभवावी लागते, म्हणून स्वेटर वरच्या पिशवीतच ठेवावा. शाकाहारी माणसाचे हाल होतील ही भीतीही मला निराधार वाटली. साध्या खानावळीत चपाती आणि ‘न्डेंगू’ म्हणजे अख्ख्या मुगाची उसळ जवळजवळ सगळीकडे मिळते, सोबत सुकुमा विकी ही पालेभाजी. किसुमूत माझे जेवण त्यावरच झाले आणि ते उत्तम होते.

दुसऱ्या दिवशी किसुमूहून निघाल्यावर मसेनो गावाजवळ रस्ता विषुववृत्त ओलांडतो. तेथून पुढे बुसिया. या एकाच नावाची दोन गावे सीमेच्या दोन्ही बाजूंना आहेत. 2018 सालापासून येथे दोन्ही देशांचे अधिकारी एकाच छताखाली बसतात. केनियातून जाणाऱ्याने केनियाच्या बाजूला न थांबता थेट युगांडाच्या बाजूच्या इमारतीत जायचे. तेथे आधी केनियाचा अधिकारी निर्गमनाचा शिक्का मारतो आणि शेजारीच युगांडाचा अधिकारी प्रवेशाचा. बस थांबताच चलन बदलून देणारे आणि ‘मी तुमचे काम लवकर करून देतो’ म्हणणारे लोक भोवती गोळा होतात. त्यांना नम्रपणे नकार देऊन सरळ इमारतीत शिरावे. या कामासाठी मध्यस्थाची मुळीच गरज नाही.

उतरण्यापूर्वी मी बसच्या क्रमांकाचे छायाचित्र काढले, कंडक्टरचा फोन क्रमांक घेतला आणि बस पलीकडे नेमकी कुठे उभी राहील ते विचारून ठेवले. रांगेत प्रथम आरोग्य कक्षात पिवळे कार्ड तपासले गेले. माझ्या पुढच्या एका प्रवाशाकडे ते नव्हते आणि त्याला बाजूला बसवण्यात आले. त्याचे काम होईपर्यंत कंडक्टर सारखा आत-बाहेर करत होता. त्या तरुणाच्या चेहऱ्यावरची काळजी पाहून मला फार वाईट वाटले. माझी पाळी आली तेव्हा अधिकाऱ्याने कंपालातील मुक्कामाचा पत्ता, परतीचे तिकीट आणि एकटी का, एवढेच विचारले. बोटांचे ठसे व छायाचित्र घेऊन शिक्का मारला. शिक्क्यावरची तारीख आणि मुदत तेथेच उभे राहून वाचून घ्यावी, असा माझा आग्रह आहे. चलन मी त्या दिवसापुरतेच बदलले. एका केनियन शिलिंगाला तेव्हा सत्तावीस-अठ्ठावीस युगांडन शिलिंग मिळत होते, आणि हा दर मी आधीच पाहून ठेवला असल्याने घासाघीस करणे सोपे गेले.

सीमेपासून कंपाला दोनशे किलोमीटरच्या आसपास आहे. रस्त्याच्या दुतर्फा उसाचे फड लागतात, जिंजा शहराजवळ 2018 मध्ये खुला झालेल्या जपानी साहाय्याच्या, तारांनी तोललेल्या पुलावरून नाईल ओलांडली जाते आणि मग माबिराचे दाट अरण्य येते. पुलावर छायाचित्रे काढण्यास मनाई आहे, ती पाळावी. पुढच्या थांब्यांवर विक्रेते खिडकीपाशी भाजलेली केळी घेऊन येतात; ती गरम आणि पोटभरीची असतात. मुकोनोपासून मात्र वाहतूक कोंडी सुरू होते. शेवटच्या वीस-बावीस किलोमीटरला दीड-दोन तास सहज जातात, म्हणून पोहोचण्याच्या वेळेचा अंदाज बांधताना ते धरावेच.

बस कंपालाच्या अत्यंत गजबजलेल्या मध्यवस्तीत सोडते. अंधार पडत आला असल्याने मी बस कार्यालयाच्या आतच थांबून ॲपवरून गाडी बोलावली. रस्त्यावरच्या ‘बोडाबोडा’ म्हणजे भाड्याच्या मोटारसायकली स्वस्त असल्या तरी सामानासह पहिल्याच संध्याकाळी त्यांवर बसू नये. वसतिगृहातील पलंग मला रात्रीला बारा डॉलरच्या आत मिळाला. त्या रात्री जेवायला उकडलेल्या केळ्यांचे मटोके आणि त्यावर शेंगदाण्याचा रस्सा होता. उपवासाच्या दिवशी आपल्याकडे होणाऱ्या दाण्याच्या आमटीची त्यावरून मला इतकी आठवण झाली, की वाढणाऱ्या बाईंना मी ते सांगितल्यावाचून राहिले नाही.

परतताना मी जिंजाला एक मुक्काम केला. नाईलच्या उगमापाशी 1948 साली महात्मा गांधींच्या अस्थींचा काही भाग विसर्जित करण्यात आला होता. तेथे त्यांचा अर्धपुतळा आहे, ज्याचे अनावरण 1997 मध्ये तत्कालीन पंतप्रधान इंद्रकुमार गुजराल यांनी केले. कोणाला असाच थांबा घ्यायचा असेल, तर कंपालात परतीचे तिकीट काढतानाच आपण जिंजाहून बसणार असल्याचे सांगून जागा राखून ठेवावी आणि बस जिंजात नेमकी कोठे थांबते ते तिकिटावर लिहून घ्यावे.