फॅरामिरवर अन्याय झालाच!

आज सुट्टी सत्कारणी लावली. भाचीला शेजारी बसवून 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'च्या दुसऱ्या चित्रपटाची, 'द टू टॉवर्स'ची लांबलचक आवृत्ती पुन्हा बघितली. पीटर जॅक्सनला माझा मनापासून सलाम आहे, पण गोंडोर राज्याचा सरदार फॅरामिर पडद्यावर आला की डोकं सटकतंच.

टॉल्किनच्या पुस्तकात हा माणूस सांगून मोकळा होतो, की ती वस्तू, म्हणजे सगळ्यांना भुरळ घालणारी अंगठी, रस्त्यात पडलेली दिसली तरी मी उचलणार नाही. आणि शब्द पाळतो! ती अंगठी नष्ट करायला निघालेल्या फ्रोडो-सॅमला शिधा आणि काठ्या देऊन वाटेला लावतो. चित्रपटात? कैदी करून थेट ऑस्गिलिआथ या पडक्या शहरात नेतो.

भाची म्हणाली, "मामा, सगळे अंगठीला भुलतात आणि हा एकटाच नाही, मग तिची भीती काय राहिली?" आली मोठी जॅक्सनची वकील! पण मुद्दा बिनतोड होता. त्यात शेलॉब ही अजस्र कोळ्याची मादी तिसऱ्या भागात ढकलल्यावर फ्रोडोच्या वाट्याला इथे काहीतरी संकट हवंच होतं.

पुस्तकातला टॉम बॉम्बाडिल गाळला, ठीक. पुस्तकातल्या ग्लोर्फिन्डेल या एल्फच्या घोड्यावर आर्वेन बसवली, तेही चाललं.

पण २००३च्या 'रिटर्न ऑफ द किंग'मध्ये शायरची, म्हणजे फ्रोडोच्या गावाकडची लढाई गाळली, ते मात्र आजही पचत नाही. एवढं जग वाचवून परत यावं, तर आपल्याच गावात झाडं तोडलेली, दारांवर गुंडांचा पहारा. जादूगार गँडाल्फही सोबत नाही. फ्रोडोचा दोस्त मेरी शिंग फुंकतो, गाव उठतं. फ्रोडो, सॅम, मेरी आणि पिपिन हे चौघे किती बदललेत, हे तिथे कळतं. चित्रपटात काय, तर गाव जसंच्या तसं आणि चौघे निवांत बीअर पीत बसलेत!