घडण्याआधीचे टॅम्रिएल: एल्डर स्क्रोल्स ऑनलाइनमधील जुन्या खुणांची भटकंती

एल्डर स्क्रोल्स या व्हिडिओ गेम मालिकेतील मोरोविंड, ऑब्लिव्हियन आणि स्कायरिम हे जुने गेम ज्यांनी मनापासून खेळले आहेत, त्यांनी टॅम्रिएल या त्याच काल्पनिक खंडात घडणाऱ्या एल्डर स्क्रोल्स ऑनलाइनमध्ये एकदा तरी लढाया आणि लूट बाजूला ठेवून नुसते फिरायला जावे. २०१४ साली आलेल्या या गेमची कथा दुसऱ्या युगाच्या ५८२ व्या वर्षी घडते, म्हणजे मोरोविंडच्या ७४१ वर्षे, ऑब्लिव्हियनच्या ७४७ वर्षे आणि स्कायरिमच्या तब्बल ९४८ वर्षे आधी. आपण जे आधी खेळलो ते या जगात नंतर घडणार आहे. त्यामुळे येथे मालिकेचे संदर्भ शोधणे म्हणजे ओळखीची नावे आणि विनोद गोळा करणे एवढेच राहत नाही. जे पुढे कोसळणार आहे ते येथे धडधाकट उभे आहे आणि जे पुढे उभे राहणार आहे त्याचा येथे मागमूसही नाही. प्रवासाची आखणी मी याच धोरणाने केली. पात्राची पातळी काय आहे हा विचार येथे करावा लागत नाही, कारण २०१६ च्या ‘वन टॅम्रिएल’ बदलानंतर जवळजवळ सर्व प्रदेश कोणत्याही पातळीच्या पात्राला खुले झाले आहेत.

सुरुवात मोरोविंड जेथे घडतो त्या व्हार्डेनफेल बेटापासून करावी. २०१७ साली वेगळा विकला गेलेला हा भाग आता मूळ गेमबरोबरच मिळतो. सेडा नीन या बंदरात मोरोविंडचा नायक कैदी म्हणून जहाजातून उतरतो. तेच दलदलीचे काठ आणि प्रवाशांना पाठीवरून वाहून नेणारा तोच प्रचंड सिल्ट स्ट्रायडर येथेही आहे. जुन्या खेळाडूने येथे माऊसचे चाक पुढे फिरवून प्रथमपुरुषी दृश्य निवडावे. दूरच्या कॅमेऱ्यातून ही जागा गेममधल्या इतर गावांसारखी एक वस्ती वाटते. डोळ्यांच्या उंचीवर आल्यावर मात्र गल्ल्यांची वळणे चटकन ओळखू येतात. घोड्यावरून भरधाव जाण्याचा मोहही व्हार्डेनफेलमध्ये आवरावा. राखेच्या टेकड्यांमधील पायवाटांनी चालत गेल्यास मोरोविंडमधील दिशांची जी जाण मनात राहून गेलेली असते, ती बऱ्याच ठिकाणी उपयोगी पडते.

या प्रवासातील सर्वाधिक वेळ व्हिवेक शहराला द्यावा, अशी माझी आग्रहाची सूचना आहे. मोरोविंडमध्ये हे शहर पूर्ण बांधून झालेले, जुने आणि काहीसे कोंदट आहे. येथे त्याचे बांधकाम चालू आहे: काही कॅन्टन (शहराचे प्रचंड इमारतींसारखे विभाग) वस्तीला तयार झाले आहेत, तर काहींभोवती परांच्या लागलेल्या आहेत. शहरावर बार डाऊ नावाचा महाकाय खडक अधांतरी लटकतो. व्हिवेक या जिवंत देवाने तो केवळ आपल्या सामर्थ्यावर तोलून धरला आहे, आणि ते सामर्थ्य ओसरू लागणे हाच येथील मुख्य कथेचा विषय आहे. मालिकेच्या इतिहासानुसार चौथ्या युगाच्या पाचव्या वर्षी, म्हणजे या गेमनंतर ७५२ वर्षांनी, तो खडक खरोखरच पडतो, शहर नष्ट होते आणि बेटावरील लाल पर्वत या ज्वालामुखीचा उद्रेक होतो. हे ठाऊक असलेला माणूस परांचीखाली उभा राहून वर पाहतो, तेव्हा कारागिरांच्या साध्या बोलण्यालाही वेगळी धार येते. मुख्य कथा सुरू करण्याआधी एक फेरी आणि ती संपल्यावर दुसरी, असा क्रम ठेवावा. कथेचा शेवट येथे सांगत नाही, कारण त्यातील एक उलगडा आधी कळला तर सगळी मजा जाते.

लाल पर्वताकडे निघाल्यावर काय दिसत नाही, याकडे लक्ष द्यावे. मोरोविंडमध्ये या पर्वताला वेढून ‘घोस्टफेन्स’ नावाचे मंतरलेले कुंपण उभे असते आणि ते ओलांडणे हा त्या गेममधील मोठा टप्पा असतो. येथे ते नाही, कारण ज्या शत्रूला कोंडण्यासाठी ते उभारले गेले तो दुसऱ्या युगाच्या ८८२ व्या वर्षापर्यंत जागा झालेला नाही. पश्चिमेकडील आल्ड-रूनचेही तसेच. मोरोविंडमध्ये ते रेडोरान घराण्याचे भरभराटीचे नगर असते आणि तेथील सरदारांच्या हवेल्या ‘स्कार’ नावाच्या राक्षसी खेकड्याच्या कवचाखाली असतात. येथे कवच आहे, नगर नाही. त्या जागी ॲशलँडर या भटक्या टोळ्यांचा तळ आहे. या तळावर रोज नवी कामगिरी मिळते आणि ती करताना आसपासचा सगळा मुलूख आपोआप पालथा घातला जातो, म्हणून निदान एक तरी कामगिरी घेऊनच पुढे जावे.

व्हार्डेनफेलनंतर थेट स्कायरिम प्रांतातील विंडहेल्म शहराला जावे, असे मी सुचवीन. नकाशावर हा क्रम विचित्र दिसतो, पण बार डाऊचा धागा तेथे पोहोचतो. स्कायरिममध्ये विंडहेल्मच्या एका कोंदट वस्तीत डार्क एल्फ निर्वासित हलाखीत राहतात आणि नॉर्ड रहिवासी त्यांचा राग राग करतात; हे निर्वासित लाल पर्वताच्या उद्रेकानंतर आलेल्यांचे वंशज आहेत. या गेममध्ये मात्र नॉर्ड, डार्क एल्फ आणि आर्गोनियन हे तिन्ही वंश एबनहार्ट पॅक्ट या युतीतील मित्र आहेत आणि राजा योरुन विंडहेल्ममधूनच राज्य करतो. रिफ्टेन या शहरालाही जाता येते, पण तेथे थोडक्यात आटोपले तरी चालेल. पश्चिम स्कायरिमसाठी २०२० चा ग्रेमूर हा भाग लागतो. तेथील सॉलिट्यूड शहरात स्व्हारग्रिम नावाचा दुसरा राजा आहे, म्हणजे स्कायरिमची दोन राज्ये झालेली आहेत. ज्यांना स्कायरिममधील ब्लॅकरीच हा भुयारी प्रदेश आवडला होता त्यांनी येथील भूगर्भातील विस्तार चुकवू नये.

ऑब्लिव्हियनमधील क्वाच शहर पाहण्यासाठी गोल्ड कोस्टचा भाग घ्यावा लागतो. गेममधील दुकानात तो वेगळा मिळतो की सदस्यत्वात येतो, हे निघण्याआधी पाहून घ्यावे. ऑब्लिव्हियनमध्ये आपण क्वाचला पोहोचतो तेव्हा शहर जळून खाक झालेले असते आणि वाचलेले मोजके लोक अकातोश या देवाच्या देवळात लपलेले असतात; त्यांतच मार्टिन नावाचा पुजारी असतो. ते शहर धडधाकट असताना कसे होते हे ऑब्लिव्हियनने कधीच दाखवले नाही. येथे ते दिसते: गजबजलेले रस्ते, सत्तेवर असलेला काउंट आणि अकातोशचे भव्य कॅथेड्रल. ॲन्व्हिल या शहराकडून चढण चढत यावे, म्हणजे जुन्या गेममधील त्या चढणीची आठवण ताजी राहते. कॅथेड्रलमध्ये शिरताना मुख्य कथेची कामगिरी हाती नसावी. तेथे नुसते उभे राहून पाहण्यासारखे पुष्कळ आहे.

इम्पीरियल सिटी शेवटी ठेवावी, कारण तिला खेळाडूंमधील लढायांचा जाच आहे. ती ज्या सिरोडिल प्रांतात आहे, तेथे शिरायला मात्र दहावी पातळी लागते. शहराखालच्या गटारांत आपल्या बाजूचा तळ असतो आणि तेथून वर जावे लागते. ऑब्लिव्हियनचा नायक ज्या शहराच्या गटारांतून निसटून बाहेर पडतो, त्याच शहरात येथे आपण गटारांतून आत शिरतो. येथे चलन म्हणून मिळणाऱ्या टेल व्हार दगडांचा मोठा हिस्सा मेल्यावर हातचा जातो, म्हणून वर चढण्याआधी ते तळावरील बँकेत ठेवून हात मोकळे करावेत. गर्दी कमी असलेली मोहीम (या लढायांची स्वतंत्र आवृत्ती) निवडली तर व्हाईट-गोल्ड मनोऱ्याच्या पायथ्याशी निवांत फिरता येते. येथे सर्वांत सूचक अभाव टॅलोस या देवाचा आहे. ऑब्लिव्हियनमधील या शहरात टॅलोस प्लाझा नावाचा अख्खा विभाग आहे. येथे तो नाही, आणि देवळांतूनही नऊ नव्हे तर आठच देव पूजले जातात. जो माणूस पुढे टॅलोस म्हणून देवपदाला पोहोचणार आहे तो टायबर सेप्टिम दुसऱ्या युगाच्या ८२८ व्या वर्षी जन्मणार आहे. स्कायरिममधील यादवी युद्ध ज्या देवाच्या पूजेवरील बंदीवरून पेटते, त्याचे नावही येथे कोणाला ठाऊक नाही.

उघड विनोदी संदर्भांपैकी एकासाठीच मी मुद्दाम वाकडी वाट केली, तो म्हणजे मायक द लायर. मोरोविंडपासून प्रत्येक मोठ्या गेममध्ये भेटणारा हा खजीत (मांजरासारख्या वंशाचा) खेळाडूंच्या तक्रारींवर तिरकस शेरे मारतो. येथे तो अनेक प्रदेशांत आडवाटेला उभा असतो आणि सर्व ठिकाणी त्याला गाठल्यास एक अचीव्हमेंट मिळते. केवळ त्याच्यासाठी वणवण करू नये. संगणकावर खेळणाऱ्यांनी त्याच्या जागा नकाशावर दाखवणारे ॲडऑन (गेमला जोडण्याची पूरक प्रणाली) लावावे आणि ज्या प्रदेशात जाऊ तेथे त्याला उरकावे. ग्रंथांचे मात्र उलट आहे. मेजेस गिल्ड या जादूगारांच्या संघात आधी नाव नोंदवले तर वाटेत सापडणाऱ्या लोरबुकमुळे, म्हणजे या जगाच्या माहितीच्या ग्रंथांमुळे, गिल्डची कौशल्यरेषा वाढत जाते, त्यामुळे सभासद होण्याचे काम पहिल्याच शहरात करून टाकावे. ग्रेमूर घेतले असेल तर सॉलिट्यूडमधील अँटिक्वेरियन सर्कलमध्ये पुरातन वस्तू शोधण्याची विद्याही शिकावी. खणून काढलेल्या प्रत्येक वस्तूबरोबर तेथील विद्वानांची टिपणे मिळतात आणि ते आपसांत मतभेदही नोंदवतात.

प्रवासखर्चाचे गणित सोपे आहे. एकदा सापडलेल्या वेश्राइनपासून (क्षणात दूर नेणाऱ्या देवळीपासून) दुसऱ्या वेश्राइनला जाणे फुकट असते; भर रानातून नकाशा उघडून उडी मारली तर सोने मोजावे लागते, आणि लागोपाठ तसे केल्यास दर चढत जातो. तबेल्यात घोड्याचे एक प्रशिक्षण २५० सोन्याला पडते आणि पुढच्यासाठी २० तास थांबावे लागते, म्हणून रोज खेळ सुरू केल्याबरोबर ते उरकून मग वाटेला लागावे.