तुम्ही विचारलंत म्हणून: मॉर्मन आजी-आजोबांचा दशांश

मी अमेरिकेत, मॉर्मन या ख्रिस्ती पंथाचं केंद्र असलेल्या सॉल्ट लेक सिटीजवळ राहते म्हटलं की पुण्याची मंडळी हटकून विचारतात, "तिथले मॉर्मन लोक म्हातारपणीही दहा टक्के चर्चला देतात म्हणे. जड नाही जात?"

जातं, काहींना फारच. पण मला जास्त खुपतं ते हे, की नातवंडाचं मंदिरातलं (म्हणजे त्यांच्या पंथाच्या खास पवित्र वास्तूतलं) लग्न बघायला मिळणार की नाही, हे त्या दहा टक्क्यांवर ठरतं.

शेजारी एक विधवा आजी आहेत. त्यांच्या कागदपत्रांना मी मदत करते. 2025 साली त्यांना सोशल सिक्युरिटीचे, म्हणजे सरकारी पेन्शनचे, महिना 1,800 डॉलर मंजूर होते, त्यातले मेडिकेअर या सरकारी आरोग्यविम्याचे 185 परस्पर कापले जायचे. मग दशांश 1,800 वर द्यायचा की हातात पडणाऱ्या 1,615 वर? चर्चच्या वरिष्ठांनी 1970 च्या पत्रात दशांश उत्पन्नावर, एवढंच सांगून पुढचा हिशेब ज्याच्या त्याच्यावर सोडलाय. आजी वहीत दोन्ही आकडे मांडायच्या, बराच वेळ बघायच्या आणि 180 लिहायच्या. वीजबिल त्यानंतर. नोकरीत असताना त्यांनी पूर्ण पगारावर दशांश भरलेला, म्हणजे सोशल सिक्युरिटीसाठी कापलेल्या पैशांवर तो एकदा देऊन झालाय. मी तसं म्हटलंही. "बिशपसमोर बसताना मनात किंतू नको गं," म्हणाल्या.

ते बसणं दर दोन वर्षांनी असतं. आधी बिशप, म्हणजे स्थानिक मंडळीचा प्रमुख, मग स्टेक प्रेसिडेंट, म्हणजे अशा अनेक मंडळींचा प्रमुख, मुलाखत घेतात. त्यातला एक प्रश्न: पूर्ण दशांश देता का? बँकेचे कागद कुणी मागत नाही, शब्दावर विश्वास ठेवतात. पण उत्तर "नाही" असं आलं तर मंदिराचा परवाना नाही आणि परवान्याशिवाय मंदिरातल्या विवाहविधीला आत जाता येत नाही. आपल्याकडे दानपेटीत काय टाकलंत हे विचारून कुणी दर्शन अडवत नाही, म्हणून मला हे पचत नाही.

वेळेचंही तसंच. वॉर्डात, म्हणजे स्थानिक मंडळीत, पगारी धर्मगुरू नसतो, बिशपसुद्धा विनावेतन. त्यामुळे निवृत्त माणसं हक्काची. मंदिरातली पाळी, आजाऱ्यांच्या भेटी, शनिवारी प्रार्थनागृहाची साफसफाई. काही जोडपी स्वखर्चाने मिशनवर, म्हणजे चर्चच्या सेवाकार्यासाठी, जातात, 6 ते 23 महिने. हौसेने जाणारे पुष्कळ आहेत आणि एकटेपणावर याहून चांगलं औषध मी तरी पाहिलं नाही. गुडघे गेल्यावर मात्र नाही म्हणणं त्यांना फार अवघड जातं.

अडचणीत हेच चर्च धावून येतं, हेही सांगायला हवं. महिन्याच्या पहिल्या रविवारी दोन जेवणं सोडून जे पैसे देतात, त्यातून कुणाचं भाडं, कुणाचा किराणा निघतो.

पण चर्चची गुंतवणूक अब्जावधी डॉलरची आहे. ती नीट जाहीर केली नाही म्हणून 2023 मध्ये अमेरिकेच्या शेअर बाजार नियामकाने चर्च आणि त्याच्या गुंतवणूक कंपनीला मिळून 50 लाख डॉलर दंड केला. एवढी ऐपत असताना फक्त सोशल सिक्युरिटीवर जगणाऱ्यांना दशांश माफ करायला काय हरकत आहे?

आजींना हे पटत नाही. माफी मिळाली की आपण जमेत धरले जाणार नाही, असं त्यांना वाटतं. मग मी म्हणते, द्यायचं ते देत राहा, सत्तरीनंतर मुलाखतीतला तो प्रश्न तेवढा काढून टाकू देत.