क्रुगर: स्वतः गाडी चालवत प्राणी-पक्षी पाहायचे असतील तर

दक्षिण आफ्रिकेतले क्रुगर राष्ट्रीय उद्यान उत्तर-दक्षिण सुमारे ३६० किलोमीटर लांब आणि सरासरी ६५ किलोमीटर रुंद आहे. तिथला बेत फसतो तो बहुतेक वेळा अंतराच्या हिशेबात. डांबरी रस्त्यावर ताशी ५० आणि कच्च्या रस्त्यावर ४० किलोमीटरची मर्यादा आहे, पण थांबत, पाहत जाणाऱ्याचा सरासरी वेग २० ते २५ एवढाच पडतो. स्कुकुझा ते सटारा या दोन कॅम्पांमधले (उद्यानातल्या मुक्कामाच्या जागा) ९० किलोमीटर म्हणजे चार तास. म्हणून आठवडाभरात अख्खे उद्यान पालथे घालायला जाऊ नये. लोअर साबीला तीन रात्री आणि सटाऱ्याला तीन रात्री एवढे केले तरी हाती भरपूर लागते. पक्ष्यांची खरी ओढ असेल आणि दिवस शिल्लक असतील, तरच उत्तरेला पुंडा मारिया गाठावे. सटाऱ्याहून ते २५० किलोमीटर आहे, त्यामुळे मध्ये लेटाबा किंवा शिंगवेडझीला मुक्काम हवाच.

ऋतूचा निर्णय सगळ्यात आधी घ्यावा. मे ते सप्टेंबर हा कोरडा काळ. गवत बसलेले, पाणवठे मोजके, त्यामुळे प्राणी पाण्याजवळ सापडतात. नोव्हेंबर ते मार्च हा पावसाचा आणि पाहुण्या पक्ष्यांचा काळ. वुडलँड किंगफिशर नोव्हेंबरात येतो आणि मग दिवसभर त्याचीच हाक कानावर पडते. युरोपियन नीलपंख तारांवर, फांद्यांवर दिसतात. कार्माइन वेडा राघू साधारण डिसेंबरपासून. आपल्याकडे पावसाची वर्दी देणारा चातक तिथल्या पावसातही भेटतो, फक्त तिथे वीण करणारी उपजात वेगळी. नोव्हेंबर-डिसेंबरात लोणावळ्याच्या पठारांवर दिसणारे अमूर ससाणे समुद्र ओलांडून आफ्रिकेतच उतरतात. जानेवारीत सटाऱ्याच्या माळावर त्यांचे थवे पाहण्याचा आनंद मराठी पक्षीमित्राला वेगळा सांगायला नको. पण या दिवसांत गवत छातीएवढे वाढते, दहा पावलांवरचा सिंह दिसत नाही आणि जोराच्या पावसानंतर नदीपात्रातले सखल पूल व कच्चे रस्ते बंद होतात. पहिल्याच भेटीत प्राणी महत्त्वाचे असतील तर ऑगस्ट-सप्टेंबर धरावा.

मुक्कामाचे आरक्षण सुमारे ११ महिने आधी खुले होते आणि लोअर साबीच्या नदीकाठच्या खोल्या सर्वांत आधी संपतात. भारतीयांना व्हिसा लागतो. तो हातात येईपर्यंत परतावा न मिळणारे तिकीट काढू नये. नैरोबी किंवा अदिस अबाबामार्गे जाताना तिथला थांबा १२ तासांपेक्षा जास्त असेल तर पीतज्वराच्या लशीचा दाखला मागतात, आणि तो लस घेतल्यानंतर दहाव्या दिवसापासूनच ग्राह्य धरतात. उद्यान हिवतापाच्या पट्ट्यात आहे, धोका पावसाळ्यात जास्त. गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्याव्यात. अ‍ॅटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल परतल्यावर सात दिवस, तर डॉक्सिसायक्लिन चार आठवडे चालू ठेवावी लागते. घरी आलो म्हणून गोळ्या सोडणे ही नेहमीची चूक.

जोहान्सबर्गहून दक्षिणेकडच्या गेटांना पाच तास लागतात. वाहतूक आपल्यासारखीच डावीकडून. विमानातून उतरून त्याच दिवशी आत शिरण्याची घाई नको, कारण लांबच्या कॅम्पचे आरक्षण असेल आणि बंद होण्याच्या वेळेआधी तिथे पोचणे शक्य नसेल, तर गेटवरच अडवतात. पहिली रात्र उद्यानाबाहेर मबॉम्बेला किंवा हेझीव्ह्यू या गावांत काढावी. वेळा ऋतूनुसार बदलतात: मे ते जुलै सकाळी ६ ते संध्याकाळी ५.३०, नोव्हेंबर ते जानेवारी कॅम्पचे फाटक पहाटे ४.३० ला उघडते, बाहेरचे गेट मात्र ५.३० ला. आत मुक्काम करण्याचे खरे मोल या एका तासात आहे. साधी छोटी गाडीही सगळीकडे चालते, पण उंच बैठकीची गाडी घेतल्यास गवतावरून पलीकडचे दिसते. स्टेपनी आणि जॅक ताब्यात घेतानाच तपासावेत. पंक्चर झाले तरी आत वाटेत खाली उतरता येत नाही, कॅम्पला फोन लावावा लागतो.

लोअर साबीपासून एक किलोमीटरच्या आत सनसेट डॅम आहे. रस्ता पाण्याला अगदी लागून जातो. मगरी, पाणघोडे, पिवळ्या चोचीचे करकोचे आणि सुगरणींची घरटी हे सारे गाडीच्या काचेतून. संध्याकाळी शेवटचा पाऊण तास इथेच बसावे, फाटक दोन मिनिटांवर असल्याने धावपळ होत नाही. सकाळी स्कुकुझाकडे जाणारा एच४-१ हा साबी नदीकाठचा रस्ता धरावा. बिबट्यासाठी याहून चांगला रस्ता नाही, पण गर्दीही इथेच. एका बिबट्याभोवती वीस गाड्या अडकल्या असतील तर निघून जावे आणि स्कुकुझाजवळच्या लेक पॅनिकच्या लपणात (पक्षी पाहण्यासाठी बांधलेल्या आडोशात) तासभर बसावे. कवड्या खंड्या, मॅलाकाइट आणि जायंट असे तिन्ही खंड्या तिथे हाताच्या अंतरावर येतात. लपणात कुजबूजही नको.

सटाऱ्याचा एस१०० हा न्वानेत्सी ओढ्याकाठचा कच्चा रस्ता सिंहांसाठी प्रसिद्ध आहे. फाटक उघडताच निघावे. आठनंतर सिंह झुडपात जातात. मोकळ्या माळावर चित्ता, सेक्रेटरी बर्ड आणि कोरी माळढोक यांच्यासाठी नजर दूरवर फिरवत राहावी. क्रुगरचे ‘बिग सिक्स’ पक्षी म्हणजे कोरी माळढोक, सॅडलबिल करकोचा, मार्शल गरुड, लॅपेट-फेस्ड गिधाड, जमिनीवर चालणारा साउदर्न ग्राउंड धनेश आणि पेल्सचे मासेखाऊ घुबड. पहिले पाच दक्षिण आणि मध्य भागात चिकाटीने मिळतात. दुपारी रस्त्यावर तापण्यापेक्षा कॅम्पमध्येच झाडाखालून फिरावे, सटाऱ्यात आफ्रिकन स्कॉप्स घुबड खोडाला चिकटून झोपलेले सापडते.

सहाव्या, म्हणजे मासेखाऊ घुबडासाठी उत्तरेचा पाफुरी भाग. पुंडा मारियाहून येऊन-जाऊन अख्खा दिवस ठेवावा. लुवुव्हू नदीचा पूल, पिकनिकची जागा आणि लुवुव्हू लिंपोपोला मिळते तो क्रुक्स कॉर्नर, जिथे तीन देशांच्या सीमा भेटतात. ट्रम्पेटर धनेश, बोह्म्स स्पाइनटेल, वाळूवरची पांढऱ्या डोक्याची टिटवी आणि न्याला हरणे इथली. घुबड नदीकाठच्या दाट सावलीत बसते आणि बहुधा दिसत नाही. दिवस त्याच्यावर टांगून ठेवू नये.

हत्तींबाबत तडजोड नाही. किमान ५० मीटर अंतर, पिल्लू आणि आई यांच्यामध्ये गाडी कधीही नाही. गंडस्थळातून मद पाझरत असलेला एकटा नर समोरून आला तर इंजिन चालू ठेवून शांतपणे मागे जावे. मागे गाड्यांची रांग असेल तर आधीच खूण करून त्यांना मागे घ्यायला लावावे, कारण बहुतेक अपघाती प्रसंग मागचा रस्ता बंद झाल्याने घडतात. गेंडा दिसला तर फोटोत आपोआप होणारी ठिकाणाची नोंद बंद करावी आणि जागा कुणालाही सांगू नये. शिकारी टोळ्या हीच माहिती शोधत असतात.

फोटोसाठी इंजिन बंद करावे, नाहीतर कंपन आणि बॉनेटवरची तापलेली हवा चित्र अस्पष्ट करते. शिवलेली रिकामी कापडी पिशवी घरून न्यावी, तिथे दोन किलो तांदूळ घेऊन भरावी आणि खिडकीवर टेकू म्हणून वापरावी. दुर्बीण ८×४२ पुरते.

शाकाहारी असल्यास स्वयंपाकघर असलेली खोली घ्यावी; आरक्षणात भांडी आहेत का तेही वाचावे, काही खोल्यांत फक्त फ्रिज असतो. डाळी आणि मसाले मबॉम्बेलातच भरून घ्यावेत, कॅम्पच्या दुकानात निवड थोडी आणि मांस जास्त. दूधदुभत्याचे पदार्थ आणि बिया भारतातून नेऊ नयेत. बबून आणि वानरे फ्रिजचे दारही उघडतात, म्हणून बाहेरच्या फ्रिजला कडी घालावी आणि पोळीचा डबा टेबलावर ठेवून आत जाऊ नये.