गोणीतून आलेलं फूल

सोलापूरच्या मंगळवार पेठेत आमचं काष्ठौषधींचं दुकान आहे. वडिलांच्या मागे बावीस वर्षं मी गादीवर बसतोय. अक्कलकाऱ्याची मुळी आजवर किती तोलली, त्याचा हिशोब नाही. पण तिचं फूल पहिल्यांदा पाहिलं ते यंदा, गड्ड्याच्या जत्रेच्या गर्दीत. नेमकी त्याच दिवशी ती मुळी विकायला माझा हात धजावला नाही.

सकाळी नवी गोणी फोडून माल निवडायला बसलो होतो. अक्कलकारा मी मोडून बघतो. चांगली मुळी वाकत नाही, कट्‌कन तुटते. तुटल्या जागी मधून कडेकडे गेलेल्या रेघा दिसतात आणि त्यांत राळेचे तपकिरी ठिपके. कण जिभेवर ठेवला की आधी काहीच कळत नाही, मग चुरचुर सुरू होते, तोंडाला पाणी सुटतं आणि जीभ बधिर होते. तसं झालं नाही तर माल परत. आपल्याकडे पिवळ्या बोंडाच्या एका झाडालाही अक्कलकाढा म्हणतात. तेही चावलं की जीभ बधिरते, पण ते झाड वेगळं. ही मुळी मोरोक्को-अल्जीरियाकडची, अ‍ॅटलास पर्वतातली. शार्ङ्गधरसंहिता या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथातलं तिचं ‘आकारकरभ’ हे नावसुद्धा अरबीवरूनच आलेलं.

निवडता निवडता एका मुळीच्या शेंड्याला वाळून आवळलेलं बोंड दिसलं. सहज कोमट पाण्याच्या वाटीत टाकलं. अर्ध्या तासात त्याच्या पाकळ्या सुटल्या. मधे पिवळी चकती, भोवती पांढरट पाकळ्या, आणि काडीने उलटं केलं तर प्रत्येक पाकळीच्या पाठीवर जांभळट लाल पट्टा. इतकी वर्षं मी नुसती लाकडासारखी मुळीच ओळखत होतो.

आमचे एक जुने गिऱ्हाईक वनस्पतिशास्त्र शिकवतात. त्यांना फोटो पाठवला, तर त्यांचा लगेच फोन आला. आपल्या माळावरच्या एकदांडीच्याच कुळातलं हे. कोरड्या डोंगरात जमिनीला चिकटून पसरतं, पानं गाजराच्या पाल्यासारखी. ढग आले किंवा संध्याकाळ झाली की पाकळ्या मिटतात, आणि पांढरं फूल लाल दिसायला लागतं. मग ते म्हणाले, “मूळ उपटलं की झाड संपलं. तिकडे आता ते विरळ होत चाललंय.” मी गोणीकडे बघत राहिलो. एकेक मुळी म्हणजे एकेक झाड होतं.

एवढ्यात विडी कारखान्याकडच्या एक ओळखीच्या अव्वा नातवाला घेऊन आल्या. “मालक, अक्कलकारा द्या की. पोरगं तीन वर्षाचं झालं, अजून बोलंना.” सहा महिने त्या मुळी मधात उगाळून चाटवत होत्या. पोराची जीभ लालभडक झाली होती.

पोरगं वाटीतल्या फुलावर वाकून बघत होतं. त्याच्या पाठीमागे हातभर अंतरावर आमचा मुलगा लोखंडी खलबत्त्यात सुंठ कुटत होता. दुकानात बोललेलं ऐकू येईना असा दणका, पण पोराची पापणीही हलत नव्हती. माझ्या पोटात गोळा आला. मी कुटणं थांबवलं, त्याच्या मागे गेलो आणि तराजूच्या पितळी पारड्यात अर्ध्या किलोचं वजन टाकलं. अव्वा दचकल्या. पोरगं फूलच बघत होतं.

“अव्वा, आधी ह्याचे कान दाखवा.”

त्या चिडल्या. “तुमच्या वडिलांनी माझ्या लेकाला हेच दिलं होतं. बोलला की तो!” यावर काय बोलणार? पुष्कळ मुलं उशिरा, आपली आपणच बोलायला लागतात आणि नाव मुळीचं होतं. पण ज्याच्या कानावर शब्दच पडत नाही, तो कोणता शब्द उच्चारणार? मी सांगितलं की लहान मुलाला झोपवूनसुद्धा कानाची तपासणी करता येते, बेरा म्हणतात तिला, आणि यात एक महिनाही घालवू नका. पुडीच्या कागदावर ते लिहून दिलं. मुळी मात्र दिली नाही. त्या रागातच गेल्या. दिवसभर मला वाटत राहिलं, आपण म्हातारीला फार तोडून बोललो.

होळीनंतर त्या सुनेला घेऊन आल्या. पोराच्या दोन्ही कानांत मशीन होतं. बोलत अजून नाही, आठवड्याला शिकवणीला नेतात, मशीन सारखं उपटून काढतो, असं सून सांगत होती. मी वहीत जपून ठेवलेलं फूल काढून त्याच्या हातावर ठेवलं. तेवढ्यात आतून खलबत्त्याचा पहिला घाव पडला, आणि पोरगं फूल टाकून, दोन्ही कान दाबून, मोठ्यांदा रडत आईला बिलगलं.

अव्वांनी पदर तोंडाला लावला. मी आत ओरडून सांगितलं, आज सुंठ कुटू नको.